लेन्स बसते, पण चालते का?

‘कॅमेरा कोणता घ्यावा?’ हा प्रश्न आपल्या महाविद्यालयात वारंवार कानी पडतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला वीरगळ टिपायचे असतात, नाट्यप्रेमींना एकांकिका. २०१८ मध्ये निकॉन व कॅनन या दोघांनीही बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या नव्या मालिका काढल्या आणि पुष्कळ हौशी मंडळींनी आपले डिजिटल एसएलआर विकावयास काढले. ‘कमवा व शिका’ योजनेतून पैसे साठवणाऱ्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात येतो तो हाच जुना माल. येथेच सावध राहावे लागते. माझ्या मते खरी निवड कॅमेऱ्याची नसून कॅमेरा व लेन्स या जोडीची असते.

लेन्स ज्या कड्यात अडकते, त्याला माउंट म्हणतात. निकॉनचे ‘एफ’ माउंट १९५९ पासूनचे. एवढ्या दीर्घ परंपरेमुळे दुकानदार सहज म्हणतो, “निकॉनची लेन्स आहे, बसेल.” बसते हे बहुधा खरे, परंतु बसणे निराळे आणि चालणे निराळे.

एक उदाहरण पाहू. निकॉनच्या ५० मिमी लेन्स दोन प्रकारच्या मिळतात : एक जुनी ‘एएफ-डी’, दुसरी ‘एएफ-एस’. पहिलीत मोटर नाही. कॅमेऱ्यातील मोटर एका लहान दांड्याने तिचा फोकस फिरवते. दुसरीत मोटर लेन्समध्येच असते. आता डी३५०० किंवा डी५६०० या कॅमेऱ्यांत ती मोटरच नाही. त्यांवर एएफ-डी लेन्स लावली, तर फोकस हातानेच करावा लागतो. हीच लेन्स डी७२००वर मात्र आपोआप फोकस करते. उलट, नव्या ‘एएफ-पी’ लेन्स डी९०सारख्या जुन्या कॅमेऱ्यावर फोकसच करू शकत नाहीत. १९७७ पूर्वीच्या मूळ स्वरूपातील लेन्स तर काही कॅमेऱ्यांवर बळेच लावल्यास कॅमेऱ्याचीच मोडतोड होते.

कॅननचे गणित सोपे आहे. १९८७ मध्ये त्यांनी ‘ईएफ’ माउंट आणले, तेव्हा जुन्या लेन्सशी नाते तोडून फोकसची मोटर लेन्समध्येच घातली. त्यामुळे ईएफ लेन्स त्यांच्या सर्व ईओएस डिजिटल एसएलआरवर चालते. मात्र २००३ पासूनच्या ‘ईएफ-एस’ लेन्स फक्त लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी आहेत. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर त्या बसत नाहीत.

सेन्सरचा आकारही ध्यानात घ्यावा. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो. विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या कॅमेऱ्यांत तो बराच लहान असतो. त्यामुळे ५० मिमी लेन्सचे दृश्य निकॉनवर ७५ मिमीसारखे, तर कॅननवर ८० मिमीसारखे अरुंद होते. रंगमंचावरील एकट्या नटासाठी हे उत्तम. पण लहानशा खोलीत चौघांचा गट त्यात मावणार नाही. तेथे ३५ मिमी लेन्स अधिक उपयोगी.

उद्या बिनआरशाचा कॅमेरा घेतला, तर या लेन्सचे काय? जोडकडे लावून कॅननच्या ईएफ लेन्स नव्या ‘आर’ कॅमेऱ्यांवर आपोआप फोकस करतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्सही ‘झेड’ कॅमेऱ्यांवर तसेच काम करतात. परंतु निकॉनच्या एफटीझेड जोडकड्यात मोटर नाही. म्हणून त्यावर एएफ-डी लेन्सचा फोकस पुन्हा हातानेच.

माझी सूचना एवढीच : आधी काय टिपायचे ते ठरवावे, त्याला लागणारी लेन्स ठरवावी आणि तिला पूर्णपणे चालवणारा कॅमेरा मग शोधावा. पैसे देण्यापूर्वी दोन्ही जोडून पाहावे, बटण अर्धे दाबून फोकस होतो का ते तपासावे आणि लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, याची खात्री करावी. आपल्याकडील पावसाळा लेन्सना मानवत नाही. पाच मिनिटांची ही परीक्षा वर्षभराच्या बचतीचे रक्षण करील.