चार वाजताचं गोड

मनू, शपथ घेऊ नकोस. निदान एवढं माझं ऐक. "ताई, उद्यापासून साखर कायमची बंद" असं लिहिलंस आणि खाली रिपोर्टचा फोटो पाठवलास. एचबीएवनसी ५.८. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, हे डॉक्टरांनी तुला सांगितलंच असेल. तू घाबरली आहेस, कळतंय मला. आयसीएमआरची मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त माणसं तुझ्यासारखी उंबरठ्यावर उभी आहेत. तू एकटी नाहीस, आणि तिथून मागे फिरता येतं.

पण घाबरून घेतलेली शपथ टिकत नाही, आणि ती मोडली म्हणजे तुझ्यात जोर नाही असंही होत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात बार्ट होबेल आणि निकोल अवेना यांनी उंदरांवर प्रयोग केले होते. साखरेचं व्यसन लागतं, ही चर्चा बरीचशी त्या प्रयोगांवरून वाढली. त्यातली महत्त्वाची गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. रोज बारा तास उपाशी ठेवून मग साखरपाणी दिलेले उंदीर व्यसनी असल्यासारखे वागले. ज्यांच्यासमोर खाणं आणि साखर दिवसभर होती, ते तसे वागले नाहीत. माणसाच्या बाबतीत याला व्यसन म्हणावं का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मला त्या वादात पडायचं नाही. मला दिसतो तो तुझा दिवस. सकाळी नुसता चहा, दुपारी मीटिंगमुळे डबा अर्धाच, आणि चार वाजता समोर केक. तू रोज स्वतःला त्या उपाशी उंदरांच्या रांगेत नेऊन बसवतेस, मग केकवर हात गेला की स्वतःलाच बोल लावतेस.

म्हणून पहिला आठवडा काहीही सोडू नकोस. फक्त लिही. गोड तोंडात गेलं की किती वाजले होते, कुठे होतीस, कोण सोबत होतं, त्याआधी काय खाल्लं होतं आणि मनात काय चाललं होतं, एवढंच. मोबाइलमध्ये लिही, कुणाला दाखवू नकोस, मलासुद्धा नको. मला वाटतं, त्यात तीनच वेळा पुन्हा पुन्हा येतील: अकराचा मशीनचा चहा, चारचा बिस्किटाचा पुडा नाहीतर कुणाचा तरी वाढदिवस, आणि रात्री साडेअकराचं आइस्क्रीम. यात सणवार कुठेच नसेल, बघ.

आपण उसाच्या पट्ट्यात वाढलो. कारखान्याची सभासद साखर दिवाळीच्या तोंडावर घरी यायची, आणि घरात साखर संपली असं आपण कधी ऐकलंच नाही. दारात आलेल्याला गूळ-पाणी, परीक्षेला निघताना हातावर दही-साखर, निकाल लागला की पेढा. आपल्याकडे माया साखरेतूनच दिली गेली. ते वाईट होतं असं मी कधीच म्हणणार नाही. होळीची पुरणपोळी, गणपतीतला उकडीचा मोदक, संक्रांतीचा तिळगूळ यांना तू हात लावू नकोस, म्हणजे ते सोडू नकोस. नीट पाट मांडून, वरून तूप घेऊन खा. आमटीतला गुळाचा खडाही तसाच राहू दे, त्याच्यावर कुऱ्हाड चालवून काही साधत नाही. आपल्याला कमी करायचं आहे ते सवयीचं गोड, जे खाताना तुझं लक्ष लॅपटॉपवर असतं आणि संपल्यावर त्याची चवही आठवत नाही.

सुरुवात चहापासून कर, कारण सगळ्यात जास्त साखर तिथे लपलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, सरबतं आणि फळांचे रस यांतून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावेत, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिले तर आणखी चांगलं. दिवसाला २००० उष्मांक धरले तर ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, चहाचे पाच-सहा चमचे. आता तुझे चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे मोज. आठ झाले. लाडूला हात न लावता मर्यादा ओलांडून झाली.

पण एकदम बिनसाखरेचा चहा प्यायला जाऊ नकोस. तो कडू लागेल, तू रागावशील आणि तिसऱ्या दिवशी अडीच चमचे घालशील. दोनाचे दीड कर आणि दोन-तीन आठवडे तिथेच थांब. मग एक, मग जमलं तर अर्धा. चमचा एकच ठेव आणि सपाट भरून घे. आलं, वेलची, गवती चहा सढळ हाताने टाक, त्याने चहा ओका लागत नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांनी तीन महिने आहारातली साखर बरीच कमी केली. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तेच पुडिंग त्यांना आधीपेक्षा जास्त गोड लागायला लागलं. पुन्हा हवी तेवढी साखर खायची मोकळीक मिळाल्यावर हा फरक ओसरला. म्हणजे जीभ शिकते आणि विसरतेही. तिला सावकाश शिकव.

ऑफिसच्या मशीनचं काय, हे तू विचारणारच. मशीनमधल्या चहाच्या पुडीत बहुतेक वेळा साखर आधीच मिसळलेली असते, ती कमी करता येत नाही. ड्रॉवरमध्ये डिप चहा ठेव आणि मशीनचं फक्त गरम पाणी घे. खाली टपरीवर सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यात उकळतो, तिथे कटिंग घे आणि गप्पा पुरत्या मार. मैत्रिणींबरोबर खाली जाणं सोडू नकोस, ते तुला हवं असतं.

चार वाजताच्या वेळेला मात्र आधीपासून तयारी लागते. पीटर गोल्वित्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांचं म्हणणं असं की "मी गोड कमी खाईन" अशा मोघम निश्चयापेक्षा "जर असं झालं, तर मी तसं करेन" असं आधी ठरवलेलं वाक्य जास्त कामाला येतं. त्या क्षणी विचार करायला उसंत नसते, म्हणून विचार आदल्या दिवशीच करून ठेवायचा. तुझं वाक्य तूच लिही. मी फक्त नमुना देते: जर कुणी पुडा उघडला, तर मी आधी माझ्या डब्यातले फुटाणे-दाणे खाईन, मग हवं असेल तर एक बिस्किट घेईन. "मग हवं असेल तर" हे शब्द गाळू नकोस. बंदी नाही म्हटल्यावर मन अर्धं शांत होतं. ग्लुकोज बिस्किटाच्या वजनात साधारण पाव हिस्सा साखर असते, तेव्हा पोटात काही नसताना ते खाल्लं की एकावर हात थांबत नाही.

आणि हे सगळं सकाळपासून ठरतं. अंडं, थालीपीठ, मोड आलेल्या मटकीची उसळ, काहीही चालेल, पण नुसत्या चहावर घर सोडू नकोस. दुपारी वरण-भाजी-पोळी-दही पूर्ण खा. मीटिंग असेल तर मीटिंगला सांग की मी जेवते आहे. तुझ्या पिढीच्या मुली हे सांगायला फार संकोचतात.

रात्रीचं बोलायला मला जरा जड जातं, पण बोलते. साडेअकराला तू दहा मिनिटांत घरपोच देणारं अ‍ॅप उघडतेस. मला नाही वाटत तेव्हा तुला भूक असते. दिवसभर स्क्रीनशी बोलून झालेलं असतं, फ्लॅटमधल्या मुली आपापल्या खोलीत गेलेल्या असतात, आणि तू आज कशी होतीस हे कुणी विचारलेलं नसतं. लहानपणी पडलीस की आजी साखरेची चिमूट तोंडात घालायची. मनाला तीच वाट पाठ आहे, त्यात तुझा काय दोष? पण आता त्या वाटेवर दोन-चार अडथळे ठेव. अ‍ॅपमधून कार्डाचा नंबर काढून टाक, दर वेळी लॉगआउट कर, घरात आइस्क्रीमचा मोठा डबा आणू नकोस. खावंसं वाटलंच तर शनिवारी बाहेर जाऊन, कपात घेऊन, कुणाबरोबर तरी खा.

आणि ओढ आली म्हणजे ती वाढतच जाईल असं समजू नकोस. व्यसनमुक्तीत आयुष्यभर काम केलेले अ‍ॅलन मार्लट हेच शिकवत असत: ओढीशी भांडायचं नाही आणि तिच्यापुढे वाकायचंही नाही, ती चढताना आणि उतरताना बघत राहायचं. पंधरा-वीस मिनिटं दे. तेवढ्यात दात घास, गॅलरीत जा, मला फोन कर. मी जागी असते. आणि नसले तरी उठवलेलं मला चालेल.

झोपेचंही बघ. शिकागो विद्यापीठात २००४ साली बारा तरुणांवर एक लहानसा अभ्यास झाला होता. दोन रात्री चारच तास झोपल्यावर भूक वाढवणारं संप्रेरक वाढलं, पोट भरल्याचं सांगणारं घटलं, आणि गोड, खारट, पिठूळ पदार्थांची इच्छा सगळ्यात जास्त वाढली. रात्री दोनपर्यंत मालिका बघून दुसऱ्या दिवशी गोडाशी झुंजायचं, हा सौदाच चुकीचा आहे. पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत ओढ वाढते, तेव्हा साखर आणखी कमी करायला जाऊ नकोस. जिथे आहेस तिथे टिकलीस तरी पुष्कळ.

गुळाचा चहा, मध, खजुराचं सिरप असं कुणी ना कुणी सुचवेलच. गूळ चवीला छान, पण तोही मुख्यतः साखरच, तो साखरेतच मोज. उसाचा आणि फळांचा रसही तसाच, त्यापेक्षा अख्खं संत्रं किंवा पेरू खा. साखरेऐवजी गोळ्या वापरून वजन आटोक्यात ठेवायच्या मागे लागू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांची गोष्ट वेगळी. विकतच्या पुड्यावर मागे "अ‍ॅडेड शुगर" ही ओळ शोध, समोरच्या बाजूचं काही वाचू नकोस.

लोक आग्रह करतील. "एवढंसं घे", "माझ्या हातचं नाही का खाणार?" तिथे आहारशास्त्र सांगत बसू नकोस आणि रिपोर्टही काढू नकोस. "अर्धा द्या, छान झालाय" म्हण आणि अर्धाच खा. प्रसाद असेल तर दोन्ही हातांनी घे. ऑफिसात वाढदिवसाला केक कापायला उभी राहा, गाणं म्हण, फोटो काढ, आणि प्लेट हातात यायच्या आत पाण्याची बाटली भरायला जा. कुणाच्या लक्षातही येत नाही.

घसरशील. दिवाळीत, कुणाच्या लग्नात, किंवा उगीच एखाद्या मंगळवारी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावायला सांगितली होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. घात होतो तो "आज मोडलंच आहे, तर खाऊनच घेऊ" म्हणण्याने. मंगळवारी चारला केक खाल्लास, तर मंगळवारी रात्री नेहमीसारखं जेव. दुसऱ्या दिवशी उपास करून फेडू नकोस. नाहीतर पुन्हा ती उंदरांची रांग.

एक गोष्ट मात्र लपवायची नाही. लपूनछपून खूप खाणं, मग उलटी काढणं किंवा दोन दिवस उपाशी राहणं, असं काही चालू असेल तर मला सांग. त्याला वेगळे डॉक्टर असतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. खूप तहान लागली, वारंवार लघवीला जावं लागलं, कारण नसताना वजन उतरलं, तर तीन महिने थांबू नकोस, लगेच तपास. तसं काही नसेल तर तुझ्या डॉक्टरांना विचारून तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा कर. ती तपासणी साधारण तेवढ्याच काळाची सरासरी सांगते, म्हणून दर आठवड्याला करून उपयोग नाही. आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाल, त्याने जेवणानंतरची साखर कमी चढते.

राहिला आईचा डबा. बेसनाचे लाडू पाठवू नकोस असं तिला कधीही म्हणू नकोस, ती ते रात्री जागून वळते. तिला म्हण, या वेळी निम्मेच कर आणि उरलेल्या जागेत मेतकूट, दाण्याची चटणी आणि भाजलेले दाणे भर. डबा आला की त्याच दिवशी चार लाडू ठेवून बाकीचे फ्लॅटमधल्या मुलींना वाट. ते चार तू बसून, मन लावून खा.

रिपोर्टचं तिला अजून सांगितलं नाहीस. ते मात्र तू स्वतः सांग, मी मध्ये पडणार नाही. आजीला मधुमेह होता, म्हणजे आईचीही तपासणी व्हायला हवी, आणि तुझ्यासाठी म्हणून का होईना, ती करून घेईल. रविवारी सकाळी फोन कर, पूजा आटोपल्यावर ती निवांत असते.