यकृताचा कर्करोग आणि घराण्याचा वारसा

एखाद्याला यकृताचा विकार झाल्याचे कळले की आपल्या समाजात दोन तर्क ठरलेले असतात. एक, गृहस्थ चोरून पीत असला पाहिजे; दुसरा, हा रोग त्या घराण्यातच आहे, सबब त्या घरात सोयरीक जपून करावी. पहिल्या तर्काने रोगी डॉक्टरांपासूनही तोंड लपवितो. ज्यांच्या धर्मात मद्य निषिद्ध आहे अशा आमच्यासारख्यांच्या घरी तर ही कुजबुज दुप्पट झोंबते. दुसऱ्या तर्काची झळ रोग्याच्या मुलीबाळींस लागते. या समजुतींत तथ्य किती, हे अलीकडच्या संशोधनाच्या आधारे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

यकृतास वर्षानुवर्षे इजा होत राहिली, मग ती दारूने होवो, ‘बी’ किंवा ‘सी’ काविळीच्या विषाणूंनी होवो, की मधुमेह व स्थूलपणा यांच्या जोडीने साठणाऱ्या चरबीने होवो, म्हणजे जखमेवर वण उठावा तसे तंतू यकृतभर पसरतात. मऊ यकृत निबर व गाठाळ होते. यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात. मेलेल्या पेशींची जागा भरण्यासाठी उरलेल्या पेशी पुनःपुन्हा विभागतात. प्रत्येक विभागणीत जनुकांची नक्कल उतरताना चूक होण्याचा संभव असतो, आणि अशा चुका साचत गेल्या की कर्करोगाची गाठ धरते. तरीसुद्धा सिऱ्हॉसिसच्या शंभर रोग्यांपैकी वर्षाकाठी साधारणतः एक ते चार जणांनाच कर्करोग होतो. वय तेच, व्यसन तेच, यकृताची अवस्था तीच. मग एकास गाठ होते व दुसऱ्यास होत नाही, हे का?

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा २००८ साली अमेरिकेतील डॅलस येथे हाती लागला. हेलन हॉब्ज, जोनाथन कोहेन व त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या वंशांच्या दोन हजारांवर लोकांच्या यकृतातील चरबी मोजली व त्यांची जनुके ताडून पाहिली. बाविसाव्या गुणसूत्रावरील ‘पीएनपीएलए-३’ या जनुकात एकाच अक्षराचा फरक त्यांना आढळला. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत वेलांटीचाच भेद, पण अर्थ पार बदलतो, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो; तसेच येथे झाले. प्रथिनाच्या साखळीत १४८ व्या जागी आयसोल्युसिनऐवजी मेथिओनिन येते. असे प्रथिन यकृतातील चरबीच्या थेंबांवर चिकटून साचते व चरबी फोडण्याच्या कामास अडथळा करते. त्या पाहणीत स्पॅनिशभाषक वंशाच्या लोकांमध्ये या जनुकाच्या शंभर प्रतींत ४९ प्रती बदललेल्या होत्या, युरोपीय वंशीयांत २३ आणि आफ्रिकी वंशीयांत १७. यकृतातील चरबीचे प्रमाणही याच क्रमाने उतरत गेले होते.

प्रत्येकास या जनुकाची एक प्रत पित्याकडून व एक मातेकडून मिळते. सिऱ्हॉसिस झालेल्यांत बदललेली प्रत्येक प्रत कर्करोगाचा धोका अदमासे दीडपट ते दुप्पट करते. दारूने झालेल्या सिऱ्हॉसिसमध्ये हा परिणाम ‘सी’ काविळीच्या रोग्यांपेक्षा अधिक दिसतो. ‘दुप्पट’ हा शब्द ऐकून पुष्कळांची छाती दडपते, म्हणून थोडे अंकगणित करू. शंभरांत दोघांना होणारा रोग दुप्पट झाला तर चौघांना होईल. उरलेल्या शहाण्णवांना त्या वर्षी तो होणार नाही. शिवाय हे जनुक एकटे फारसे काही करीत नाही. २०१७ साली डॅलसच्याच मंडळींनी दाखविले की सडपातळ माणसांत त्याचा परिणाम थोडा असतो आणि वजनाबरोबर तो वाढत जातो. वारसा बदलता येत नाही, पोटाचा घेर मात्र येतो.

एकोणिसाव्या गुणसूत्रावरील ‘टीएम६एसएफ२’ या जनुकाची गोष्ट मोठी गमतीची आहे. २०१४ साली उघडकीस आलेल्या त्यातील फरकामुळे यकृतातून रक्तात जाणारी चरबी यकृतातच अडून राहते. यकृताचे नुकसान होते. पण रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते व हृदयाचा फायदा होतो! आणि २०१८ साली ‘एचएसडी१७बी१३’ या जनुकातील जो फरक प्रसिद्ध झाला, तो तर चक्क रक्षण करणारा निघाला. तो असलेल्यांत चरबीचे यकृत सिऱ्हॉसिसपर्यंत जाण्याचा संभव कमी असतो. घराण्याकडून येते ते सारे वाईटच असते, असे नाही.

सोयरिकीचे म्हणाल तर ‘पीएनपीएलए-३’चा हा फरक भारतीयांतही सर्रास आढळतो. त्याच्या धास्तीने स्थळ नाकारणाऱ्याच्या स्वतःच्या घरीही तो असण्याचा संभव चांगलाच आहे.

एका घरात दोघा-तिघांना यकृताचा रोग झालेला दिसतो, तेथे पुष्कळदा कारण जनुक नसून ‘बी’ काविळीचा विषाणू असतो. प्रसूतीच्या वेळी तो मातेकडून बालकास लागतो. पाहणाऱ्यास मात्र तो वारसाच वाटतो. हा विषाणू कधी कधी सिऱ्हॉसिसवाचूनही कर्करोग उत्पन्न करतो. त्यावर लस आहे. जन्मापासून चोवीस तासांच्या आत तिची पहिली मात्रा द्यावयाची असते. घरात ‘बी’ काविळीचा रोगी असेल तर बाकीच्या सर्वांनी रक्त तपासून, लागण नसल्यास लस टोचून घ्यावी.

जनुकांची तपासणी आज पैसे टाकून करून मिळते. परंतु सिऱ्हॉसिसच्या रोग्यावर नजर ठेवण्याच्या रूढ पद्धतीत तिला अद्याप स्थान मिळालेले नाही. रूढ पद्धत साधी आहे: जनुक कोणतेही असो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व तिच्या जोडीस बहुधा रक्ताची एक तपासणी. गाठ लहान असतानाच सापडली तर ती कापून काढता येते, उष्णतेने जाळता येते, काही रोग्यांत यकृताचे रोपणही होऊ शकते. मोठी झाल्यावर सापडली तर यांपैकी बहुतेक वाटा बंद होतात. गाठ लहान असताना दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट न पाहता तारीख लिहून ठेवावी, आणि डॉक्टरांस दारूविषयी, काविळीविषयी व घरातील आजारांविषयी जे असेल ते खरे सांगावे.