पिवळ्या पानाचे निदान

ग्रंथालयातील वाचनकक्षाच्या खिडकीपासून थेट संदर्भग्रंथांच्या कपाटापर्यंत गेलेली मनी प्लँटची वेल आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. गेल्या पावसाळ्यात तिची पाने एकामागून एक पिवळी पडून गळू लागली, हेही पुष्कळांनी पाहिले असेल. ती कोणामुळे पडली हे मात्र फारसे कोणास ठाऊक नाही. ती माझ्यामुळे पडली. ‘कमवा व शिका’ योजनेत टेबले पुसणे, पुस्तके जागच्या जागी लावणे आणि कुंड्यांना पाणी घालणे ही कामे माझ्याकडे आहेत. मी द्वितीय वर्ष कला वर्गाची विद्यार्थिनी. वनस्पतिशास्त्र माझा विषय नव्हे. तेव्हा प्रस्तुत लेख शास्त्रीय निबंध न समजता, चुकीतून मिळालेला एक धडा समजावा.

माझे गाव माण तालुक्यात. उन्हाळ्यात टँकरच्या मागे हंडे घेऊन धावण्यात माझे बालपण गेले. पाण्यावाचून झाड वाळते हे मी शेकडो वेळा पाहिले होते. पाण्याने झाड मरते हे कधी पाहिले नव्हते. त्यामुळे पहिले पान पिवळे दिसताच मी कुंडीत एक तांब्या जादा ओतला. आठवडाभरात पाच-सहा पाने पिवळी झाली, तेव्हा सकाळ-संध्याकाळ ओतू लागले. येथे नळाला पाणी येते, हंडा वाहावा लागत नाही, मग हात आखडता का घ्यायचा? वेल तर मान टाकून तहानेल्यासारखीच दिसत होती. ग्रंथपाल मॅडम दोनदा म्हणाल्या, “अगं, वेलीला काय झालंय?” मी पंख्याच्या वाऱ्याला दोष देऊन मोकळी झाले. काम जाईल आणि त्याबरोबर मेसच्या डब्याचे पैसेही जातील, ही भीती मनात होती.

शेवटी रविवारी घरी फोन केला तेव्हा आईला सांगितले. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने मनी प्लँट पाहिलेला नाही, पण ती म्हणाली, “अगं, वाफसा हाय का त्या मातीला? बोट घालून बघ आधी. आन् वास घे. आंबूस येत आसंल तर मुळी सडली म्हणून समज.”

वाफसा! शेतकऱ्याच्या घरात हा शब्द रोजचा आहे. पाऊस उघडल्यावर माती ओली असते पण चिखल नसते, तिच्यात पाणीही असते आणि हवाही खेळते, ती स्थिती म्हणजे वाफसा. तो आल्याशिवाय कोणी पाभर धरत नाही. हाच नियम वीतभर कुंडीला लागू असेल, असे मला सुचलेच नव्हते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की तेथली हवा निघून जाते, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट मंद गतीने सरकतो. मुळे गुदमरतात, मग कुजवणाऱ्या बुरश्यांना आयते सापडतात. कुजलेले मूळ पाणी वर चढवू शकत नाही. म्हणून माती ओलीचिंब असतानाही पाने सुकतात, आणि माझ्यासारखी व्यक्ती आणखी पाणी ओतते.

सोमवारी शिपाईमामांच्या मदतीने कुंडी उलटी केली. आत निव्वळ काळी माती, खालचे भोक बुजलेले, ताटलीत पाणी साचलेले. वास अगदी आईने सांगितला तसाच. निरोगी मूळ पांढरे, कणखर असते; येथे बहुतेक मुळे तपकिरी, लिबलिबीत झाली होती. बोटांनी ओढले की वरची साल निघून हाती नुसता दोरा येई. मॅडमना तेव्हाच खरे सांगून टाकले. त्या रागावल्या, पण पंख्याच्या सबबीबद्दल जास्त.

कुजलेले सारे स्वच्छ कात्रीने कापले, राहिलेली मुळे धुतली. बुजलेले भोक मोकळे केले. तळाशी खापऱ्या ठेवल्या, आणि माती, जाड वाळू, कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात वेल लावली. खत मुद्दामच थोडे घातले. दुखावलेल्या मुळांना ते सोसत नाही. मुळे इतकी कमी झाल्यावर लांब वेल पोसणार कशी, म्हणून तीही छाटावी लागली. छाटताना वाईट वाटले, पण छाटलेले वाया गेले नाही. उसाच्या बेण्याला डोळा पाहतात तसा येथे पेराचा सांधा पाहायचा. त्यावर हवाई मुळाचा तपकिरी उंचवटा असतो. तो पाण्यात बुडाला की काही आठवड्यांत मूळ फुटते. नुसते पान बाटलीत ठेवून उपयोग नाही.

ही वेल मूळची दक्षिण पॅसिफिकमधील मूरेआ बेटाची, अळू-सुरणाच्या कुळातली. १८८० मध्ये तिला ‘पोथॉस ऑरियस’ असे शास्त्रीय नाव मिळाले; आज ती ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ म्हणून ओळखली जाते. तिला फूल जवळजवळ कधीच येत नाही. जिबरेलिन हे संप्रेरक तयार करण्यातले एक जनुक तिच्यात नीट चालत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे घरोघरच्या वेली कोणाच्या तरी छाटलेल्या तुकड्यातूनच आलेल्या.

प्रत्येक पिवळे पान पाण्याचेच असते असे नाही. बुंध्याकडचे एखादे जुने पान महिन्या-दोन महिन्यांनी पिवळे झाले तर ते वयाने झाले. माती कोरडी ठणठणीत आणि पानाच्या कडा कुरकुरीत असतील, तर खरोखरच तहान. जुनी पाने सरसकट फिकी पडत असतील तर नत्र कमी. घरातल्या मोठ्यांनी आपल्या ताटातले लेकरांपुढे सारावे तसे झाड जुन्या पानातले नत्र काढून कोवळ्या पानाला देते. लोहाचे तसे नाही, ते जागचे हलत नाही. म्हणून नवे पान पिवळे आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसले की लोहाची शंका घ्यावी. चुनखडीच्या रानात उसावर असाच केवडा पडतो आणि शेतकरी हिराकस टाकतात. कुंडीला मात्र शेतातली मात्रा चालत नाही. कडक उन्हानेही पान भाजून पिवळे होते. खिडकीजवळचा पण थेट उन्हाचा नसलेला उजेड बरा. पानामागे पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्याने पुसावे.

आता मी दोन पेरे बोट मातीत घालते. कोरडे निघाले तरच पाणी घालते, आणि ताटलीतले ओतून देते. पावसाळ्यात दहा-दहा दिवस काहीच घालावे लागत नाही; हात शिवशिवतो, पण थांबते. दिवाळीच्या सुट्टीनंतर आले तेव्हा वेलीला तीन नवी पाने आली होती. देवघेवीच्या टेबलावर सात बाटल्यांत छाटलेले तुकडे आहेत, चारांना मुळे फुटली आहेत. हवे असल्यास मॅडमना विचारून न्यावेत. बाटली मात्र ज्याची त्याने आणावी.