दुसऱ्यांच्या सुट्टीतील जागरण

नाताळापासून नववर्षापर्यंतचा आठवडा हैदराबादमध्ये वरकरणी निवांत असतो. तेलंगणात 25 डिसेंबरबरोबर 26 डिसेंबरलाही सरकारी सुट्टी मिळते. तथापि गौलीगुडा, कोठी, इसामिया बाजार या जुन्या वस्त्यांतील मराठी कुटुंबांतली जी मुले-मुली महात्मा गांधी बसस्थानकाजवळ मेट्रो धरतात, अमीरपेटला गाडी बदलतात आणि रायदुर्गकडील संगणक कंपन्यांत कामाला जातात, त्यांच्या वाट्याला हाच आठवडा बहुधा जागरणाचा येतो. अमेरिकेतील व युरोपातील सहकारी रजेवर जातात, त्यांच्या संगणकप्रणाली मात्र चालूच राहतात आणि त्यांच्यावर पहारा ठेवण्याचे काम इकडे येते. या काळात प्रणालीत नवे बदल करणे थांबवलेले असते, ज्याला कार्यालयात ‘कोड फ्रीझ’ म्हणतात, आणि त्यामुळे काम कमी आहे असा समज होतो. वैद्यकीय दृष्टीने तो फसवा आहे.

या जागरणाची सुरुवात नोव्हेंबरातच होते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात, त्यामुळे न्यूयॉर्कचे सकाळचे 9 हैदराबादेत सायंकाळी 6.30 ऐवजी 7.30 वाजता उजाडतात आणि पाळी तासभर रात्रीकडे सरकते. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील पेशींचा एक लहान समूह प्रकाशाच्या आधारे शरीराचे दैनंदिन चक्र चालवतो, ज्याला जैविक घड्याळ म्हणतात. अंधार पडल्यावर स्रवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक या घड्याळाचा झोपेचा संदेश शरीरभर पोहोचवते. पाळी सरकली तरी हे घड्याळ सूर्याशी बांधलेले राहते, आणि म्हणून सकाळी घेतलेली झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तोकडी व विस्कळीत असते.

प्रत्यक्ष कामच नव्हे, तर कामाची वाट पाहणेही झोप बिघडवते, ही गोष्ट व्यवस्थापकांच्या सहसा ध्यानात येत नाही. ‘ऑन-कॉल’ म्हणजे घरी असूनही बोलावणे येताच कामाला लागण्याची जबाबदारी. स्वीडनमधील टॉर्सवाल आणि ओकरस्टेट या संशोधकांनी जहाजांवरील अभियंत्यांच्या मेंदूतील विद्युतलहरींची नोंद घेऊन 1988 मध्ये असे दाखवले की ज्या रात्री गजर होण्याची शक्यता असे, त्या रात्री गजर होण्यापूर्वीची झोपही बिघडलेली असे. रात्रभर फोन वाजला नाही, म्हणून सकाळी ‘विश्रांती झाली’ असे जे गृहीत धरले जाते, ते यामुळेच चुकीचे ठरते.

यावर उपाय औषधांचा नाही, व्यवस्थेचा आहे. कोणत्या बिघाडासाठी माणसाला उठवायचे आणि कोणता सकाळपर्यंत थांबू शकतो हे डिसेंबरच्या आरंभीच लेखी ठरवावे, कारण सगळेच ‘अर्जंट’ म्हटले की त्या शब्दाला अर्थ उरत नाही. एका व्यक्तीकडे सलग दोनपेक्षा अधिक ऑन-कॉल रात्री देऊ नयेत, आणि त्या बोलावण्यासाठी वेगळी रिंगटोन ठेवून बाकीचे संदेश बंद करावेत. सुट्ट्यांची अदलाबदलही लेखी असावी. ख्रिस्ती सहकाऱ्यांसाठी हा आठवडा घरच्या सणाचा असतो. त्यांची पाळी जो आता सांभाळेल, त्याला संक्रांतीची रजा आधीच मंजूर झालेली असावी. तोंडी आश्वासन जानेवारीत विसरले जाते.

खाण्यापिण्याकडेही लक्ष द्यावे लागते. शरीरात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे बाहेर पडायला साधारण 5 तास लागतात, म्हणून झोपण्याच्या वेळेआधी किमान 6 तास इराणी चहा थांबवावा. प्रत्येक कपाबरोबर जाणारी साखर आणि उस्मानिया बिस्किटे हा वेगळाच हिशेब आहे. काही वर्षांत मार्गशीर्षातले उपवासाचे शेवटचे गुरुवार याच आठवड्यात येतात. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीने उपवास आणि रात्रपाळी एकाच दिवशी जुळवू नये. घाम फुटणे, हात थरथरणे व गोंधळल्यासारखे होणे ही साखर घसरल्याची लक्षणे असून तेव्हा उपवास मोडून त्वरित साखर खावी.

हृदयाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. स्वीडनमध्ये 1998 ते 2013 या काळातील सुमारे 2,83,000 हृदयविकाराच्या झटक्यांच्या नोंदींचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 24 डिसेंबरला झटक्याचा धोका 37 टक्क्यांनी वाढलेला आढळला. अशा अभ्यासातून काळ कळतो, कारण सिद्ध होत नाही, आणि स्वीडनचा आकडा हैदराबादला जसाच्या तसा लावता येत नाही. परंतु अपुरी झोप, ताण, जड जेवण व मद्य एकत्र येणे इथेही घडते. एरवी निरोगी असलेल्या व्यक्तीत भरपूर मद्यपानानंतर हृदयाचे ठोके अनियमित होण्याच्या अवस्थेला एटिंजर व सहकाऱ्यांनी 1978 मध्ये ‘हॉलिडे हार्ट’ असे नाव दिले. एकतीस डिसेंबरच्या मेजवानीनंतर छातीत दडपण, धाप किंवा धडधड जाणवल्यास ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडा पीत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

महात्मा गांधी बसस्थानकातील चालक-वाहक, कोठीतील दुकानदार आणि 1 जानेवारीपासून नामपल्लीच्या नुमाइश या प्रदर्शनात गाळा लावणारे यांना ऑन-कॉलचा त्रास नसला, तरी तासन्‌तास उभे राहणे व बसणे असते. पोटऱ्या ताणणे, पाणी पिणे आणि रक्तदाबाची गोळी न चुकवणे त्यांना पुरेसे आहे.

सततचा थकवा, कामाबद्दल तुटलेपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना यांना जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ म्हणून आजारांच्या यादीत नव्हे, तर कामाशी निगडित अवस्थांत स्थान दिले. तो दोन आठवड्यांच्या सुट्टीने ओसरला नाही, किंवा उदासी वाढत गेली, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. रात्रपाळीनंतर दुचाकीऐवजी मेट्रोने किंवा कंपनीच्या गाडीने परतावे. झोपेच्या गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नयेत, आणि डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांच्या यादीबरोबर डिसेंबरचा रोस्टरही न्यावा, कारण रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा त्यावरूनच ठरतात.