सांडपाणी, सेप्टिक टाकी आणि आपली विहीर



नळाचे पाणी कुठून येते हे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. पण वापरलेले पाणी कुठे जाते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. या अंकात त्याची माहिती घेऊ.

सांडपाण्यात काय असते?

स्वयंपाकघर, न्हाणी व शौचालय यांतून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात सुमारे ९९.९ टक्के पाणीच असते. घाण असते ती उरलेल्या अंशात. पण कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांचे रोगजंतू त्यातूनच पसरतात. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी तिचा संबंध एका सार्वजनिक पंपाशी जोडून दाखविला. त्या पंपाच्या विहिरीला लागूनच एक गळका मैलाखड्डा असल्याचे पुढे आढळले.

शहरात शुद्धीकरण कसे होते?

पणजीत टोंक येथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. २००५ मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्याची क्षमता रोज १२५ लाख लिटर होती. अशा केंद्रात प्रथम जाळीने प्लॅस्टिक व चिंध्या अडवतात, मग रेती वेगळी काढतात. पुढचे मुख्य काम जिवाणू करतात. टाकीत हवा सोडली की ते वाढतात आणि पाण्यातील घाण खाऊन टाकतात. हवा बंद केली की जिवाणूंचा गाळ तळाशी बसतो व वरचे निवळलेले पाणी काढून घेतले जाते. थोडा गाळ पुढच्या खेपेसाठी विरजणासारखा ठेवतात. ही युक्ती मँचेस्टरच्या आर्डर्न व लॉकेट या संशोधकांनी १९१४ मध्ये मांडली. शेवटी निर्जंतुकीकरण करून पाणी बाहेर सोडतात.

आपल्या गावात काय?

लाटंबार्सेसारख्या वाड्यावाड्यांत विखुरलेल्या गावात घरोघरी भूमिगत गटार नेणे फार खर्चाचे असते. म्हणून येथे सेप्टिक टाकी व शोषखड्डा यांवर भिस्त असते. टाकीत मळ तळाशी बसतो आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू तो हळूहळू कुजवतात. परंतु टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते, त्यात रोगजंतू शिल्लक असतात. ते गाळण्याचे उरलेले काम माती करते.

आपली अडचण येथेच आहे. आपला जांभा दगड सच्छिद्र आहे. त्याच्या भेगांतून पाणी न गाळताच वेगाने पुढे जाऊ शकते. पावसाळ्यात विहिरींची पातळी वर येते, तेव्हा शोषखड्डा आणि भूजल यांतील अंतर आणखी कमी होते. विहिरीचे पाणी नितळ दिसले तरी ते निर्धोक असेलच असे नाही.

पालकांसाठी सूचना

१. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट दूर व उताराच्या खालच्या बाजूस असावा.

२. टाकीतील गाळ दोन-तीन वर्षांनी टँकरने उपसून घ्यावा. तो ओहोळात किंवा रानात ओतू देऊ नये, शुद्धीकरण केंद्रातच पोहोचवण्यास सांगावे.

३. टाकीत माणसाला कधीही उतरवू नये. आतील विषारी वायूने काही क्षणांत जीव जातो. २०१३ च्या कायद्यानेही यास बंदी आहे.

४. न्हाणीचे पाणी टाकीत न सोडता माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडावे. आपल्या वाडवडिलांची ही रीत आजही योग्य आहे.

५. पिण्याचे पाणी उकळूनच वापरावे, विशेषतः पावसाळ्यात.

विद्यार्थ्यांनी करावयाचे काम

आपल्या घरची विहीर, सेप्टिक टाकी व शोषखड्डा यांचा नकाशा काढा. त्यांमधील अंतर टेपने मोजा, उताराची दिशा बाणाने दाखवा आणि शेजाऱ्यांचा शोषखड्डाही त्यात नोंदवा. कारण जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसते. आपल्या टाकीची काळजी म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीचीही काळजी होय.

— मुख्याध्यापक