बेण्याची घाई

सातगाव पठार, ता. आंबेगाव
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. भाचीबाईंस,

तू पाठवलेला फोटो मामीनेही पाहिला. ओट्याखालच्या टोपलीत बटाट्यांना वीतभर पांढरे कोंब फुटलेत आणि तू आनंदाने विचारतेस, "मामा, लावू का आज?" आज नको. हे बटाटे तर नकोतच.

काल तुमच्या देवघरातला घट उठला असेल. नऊ दिवस सावलीत वाढलेलं ते पिवळं, उंच, नाजूक धान्य आठव. टोपीत खोवायला, कानावर ठेवायला ते शोभतं, पण शेतात टिकत नाही. तुझ्या टोपलीतले कोंब त्याच जातीचे. उजेड शोधत ते नुसते लांबत गेले आणि त्यापायी बटाटा सुरकुतला. लावताना असा कोंब हात लागला की मोडतो. शिवाय बाजारातल्या बटाट्याला कधीकधी कोंब येऊ नये म्हणून औषध मारलेलं असतं आणि त्याच्या पोटात कोणता रोग आहे, ते बाहेरून दिसत नाही. खायचा बटाटा वेगळा आणि बेणं वेगळं, एवढं धरून ठेव.

"मग तुमच्या शेतातले पाठवा," असंही तू लिहिलंयस. आमची काढणी आत्ताच चालू आहे. पाठवतो, पण ते खायला. काढल्यानंतर सहा ते दहा आठवडे बटाटा झोपलेला असतो. तेवढ्या काळात त्याला कितीही ऊब दे, पाणी दे, डोळा उघडत नाही. आम्ही पठारावरचे लोक स्वतः पिकवूनही लागवडीला पंजाबचं बेणं आणतो. तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला बटाटा शीतगृहात राहतो आणि आमच्या लागवडीच्या वेळी जागा व्हायला तयार असतो. मंचरला बेण्याच्या दुकानात मी तुझ्यासाठी दोन किलो सांगून ठेवलंय. मिळाली तर कुफरी ज्योती घेईन. ही 1968 ची जात, म्हणजे वयाने तुझ्या आईहून मोठी. नावातलं कुफरी हे सिमल्याजवळचं गाव. याच घराण्यात 'कुफरी लवकर' नावाचीही एक हळवी जात आहे. हे नाव आधी तुला ऐकवायला हवं होतं!

बेणं हातात आलं की गोणीतून काढून पसर. ते थंडीतून आलेलं असतं, त्याला एकदम उन्हात ठेवू नकोस. अंड्यांचे ट्रे आण. प्रत्येक बटाटा नीट न्याहाळ. एका टोकाला देठाची खूण असते, दुसऱ्या टोकाला डोळ्यांची गर्दी. ती गर्दी वर करून एकेक बटाटा खळग्यात बसव. ट्रे अशा ठिकाणी ठेव, जिथे उजेड भरपूर, पण ऊन थेट नाही आणि वारा खेळता आहे. तुमच्या गॅलरीतली कपड्यांच्या दोरीखालची जागा चालेल. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतील: आखूड, जाड, हिरवट-जांभळे, बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा फार मोठे नाहीत. बटाटा हिरवा पडला म्हणून घाबरू नकोस, बेण्याला ते चालतं. खायचा बटाटा मात्र हिरवा पडला की टाकून द्यायचा, तो विषारी होतो. ज्याला तीन आठवड्यांत एकही कोंब येणार नाही किंवा दोऱ्यासारखा बारीक येईल, तो बाजूला काढ. दया करू नकोस.

आता कापण्याबद्दल. व्हिडिओत सगळे कापतात, म्हणून तूही सुरी घेऊन बसशील. कोंबडीच्या अंड्याएवढं बेणं अख्खंच लाव. मोठं असेल तरच काप, तेही उभं, म्हणजे वरच्या टोकाचे डोळे दोन्ही फोडींत येतील. मग फोडी एक-दोन दिवस सावलीत सुकू दे, कापलेल्या जागी साल धरली पाहिजे. मी हे सांगतोय, कारण मी एकदा शहाणपणा केला होता. शेती नुकतीच हातात आली होती. बेण्याचे पैसे वाचवावेत म्हणून सगळ्याच्या चार-चार फोडी केल्या आणि त्याच दिवशी लावून टाकल्या, तेही आषाढात. पुढचे आठ दिवस पाऊस थांबला नाही. खरिपात अख्खंच बेणं लावायचं, हे मला सांगितलेलं होतं, पण ऐकायचं वय नव्हतं. बाबा बोलले काहीच नाहीत. सरीतली मूठभर माती उचलून त्यांनी माझ्या नाकाशी धरली. तो सडका वास अजून आठवतो.

तुझी लागवड दिवाळीच्या आसपासची. तेच बरं, कारण बटाटा पोसायला रात्री गार लागतात. लावायची पिशवी दीड फूट खोल घे, तळाला भोकं हवीत. आधी तिसरा हिस्साच भर: माती आणि जुनं, पुरतं कुजलेलं शेणखत. ताजं शेण नको. एका पिशवीत दोन, फार तर तीन बटाटे, कोंब वर करून, चार बोटं मातीखाली. पाणी बेताचं. झाड वीतभर झालं की माती चढव, पुन्हा वाढलं की पुन्हा. पिशवी रिकामी ठेवायचं कारण एवढंच. नवे बटाटे मुळांना लागत नाहीत, जमिनीतल्या खोडाच्या फांद्यांच्या टोकांना लागतात आणि ते बेण्याच्या वरच्या अंगाला धरतात. भर लावली नाही तर ते उघडे पडून हिरवे होतात. पाकोळीही तिथेच अंडी घालते आणि मग अळी बटाट्यात शिरते.

सगळ्यात अवघड काम म्हणजे माती उकरून न बघणं. तुझी आई लहानपणी रोज एक रोप उपटून "आला का?" बघायची आणि आजोबांची बोलणी खायची. हे मी सांगितलं असं तिला सांगू नकोस. साधारण नव्वद दिवसांनी पाला पिवळा पडू लागला की पाणी तोड, आठ-दहा दिवस थांब, साल घट्ट होऊ दे, मग पिशवी उलटी कर. दोन किलोंचे वीस किलो होतील, अशी आशा धरू नकोस. गॅलरीत पाच-सहा किलो आले तरी मी पेढे वाटेन.

आपला हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा, 'बटाटा' हे नाव पोर्तुगीजांचं, आणि तरी एकादशीला चालतो. मामी म्हणते, उपास मोडत नसेल तर तेवढ्या परदेशाला तिची हरकत नाही.

मंगळवारच्या एसटीने दोन पिशव्या पाठवतोय. मोठ्या पिशवीतले खायचे, छोट्या कापडी पिशवीतलं बेणं. तिच्यावर लाल दोरा बांधेन. आईला दाखवून ठेव, नाहीतर ती रस्सा करून मोकळी होईल.

तुझा,
मामा