बालवयातील छेद व त्याचे दूरगामी परिणाम

बोट कापले तर आठ-दहा दिवसांत जखम भरून येते, खपली पडते आणि पुढे केवळ एक बारीक वण उरतो. यावरून जखम भरली की इजा संपली, असा आपला सर्वसाधारण समज झालेला असतो. परंतु काही जखमांच्या बाबतीत हा समज खरा ठरत नाही. त्यांचे परिणाम पंधरा-वीस वर्षांनी, निराळ्याच रूपाने प्रकट होतात आणि तोपर्यंत मूळ कारण विस्मरणात गेलेले असते. स्त्री-जननेंद्रियाचे छेदन ही अशीच एक जखम होय.

छेदन म्हणजे काय?

वैद्यकीय कारण नसताना मुलीच्या बाह्य जननेंद्रियाचा काही भाग कापणे किंवा त्यास इजा करणे, यास ही संज्ञा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तिचे चार प्रकार मानले आहेत. पहिल्यात शिश्निका अथवा तिच्यावरील त्वचेचे आवरण अंशतः वा पूर्णतः कापले जाते. दुसऱ्यात त्याबरोबर आतील भगोष्ठही कापले जातात. तिसऱ्यात भगोष्ठ कापून एकमेकांस जोडतात व योनिमार्गाचे तोंड अरुंद करतात. टोचणे, खरवडणे, डागणे इत्यादी इतर सर्व इजा चौथ्या प्रकारात मोडतात. युनिसेफच्या २०२४ मधील अंदाजानुसार जगात २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रिया या प्रथेतून गेल्या आहेत. त्यांपैकी १४ कोटींहून अधिक आफ्रिकेत, तर सुमारे ८ कोटी आशियात आहेत. प्रथेपासून आरोग्यास कोणताही लाभ होत नाही.

आपल्या देशातील स्वरूप

ही प्रथा केवळ दूरदेशीची आहे, असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत वस्ती असलेल्या दाऊदी बोहरा समाजात ती 'खतना' किंवा 'खफ्ज' या नावाने चालत आली आहे. मुलगी साधारणतः सात वर्षांची झाली म्हणजे हा विधी होतो व तो बहुधा पहिल्या प्रकारात मोडतो. मानसशास्त्राच्या अभ्यासक रेहाना घडियाली यांनी १९९१ साली दिल्लीहून निघणाऱ्या 'मानुषी' या नियतकालिकात याविषयी लेख लिहिला. प्रिया गोस्वामी यांचा 'अ पिंच ऑफ स्किन' हा माहितीपट २०१२ मध्ये आला. पुढे २०१५ साली मुंबईत 'सहियो' ही संस्था स्थापन झाली व समाजातील स्त्रियाच उघडपणे बोलू लागल्या. या संस्थेच्या पाहणीत ३८५ स्त्रियांनी उत्तरे दिली. त्यांपैकी ८० टक्के स्त्रियांचा खतना झालेला होता. उत्तर देणाऱ्या स्त्रिया स्वेच्छेने पुढे आलेल्या असल्यामुळे हा आकडा संपूर्ण समाजास जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि प्रथा अस्तित्वात आहे, याविषयी त्यावरून शंका उरत नाही.

शरीरावरील परिणाम

तीव्र वेदना, रक्तस्राव, जंतुसंसर्ग व लघवी अडणे हे तात्काळ होणारे परिणाम कोणासही समजू शकतात. दीर्घकालीन परिणाम समजण्यासाठी वण कसा बनतो, हे पाहिले पाहिजे. जखम भरताना जी नवी ऊती तयार होते, ती मूळ त्वचेसारखी लवचीक नसते. कित्येकदा ती जाड गाठीचे रूप घेते. कापला गेलेला मज्जातंतू पुन्हा वाढताना गुंता होऊन तेथे स्पर्शासही असह्य अशी गाठ होऊ शकते. शिश्निका ही मज्जातंतूंनी अत्यंत समृद्ध असल्यामुळे तिची इजा विशेष गंभीर ठरते. पुढे वैवाहिक जीवनात वेदना होणे अथवा संवेदना मंदावणे, हे यातूनच घडते. तिसऱ्या प्रकारात मूत्र व मासिक स्राव यांस पुरेशी वाट मिळत नाही. ते साचून राहतात व वारंवार संसर्ग होतो.

प्रसूतीवरील परिणामांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतील सहा देशांत २८ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला व तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तिसऱ्या प्रकारच्या छेदनानंतर पोट उघडून प्रसूती करावी लागण्याचा धोका ३१ टक्क्यांनी, तर प्रसूतीनंतरच्या मोठ्या रक्तस्रावाचा धोका ६९ टक्क्यांनी अधिक आढळला. बालक दगावण्याचा धोका दुसऱ्या प्रकारात ३२ व तिसऱ्यात ५५ टक्क्यांनी वाढलेला होता. पहिल्या प्रकारात मात्र निश्चित म्हणावा असा फरक दिसला नाही. म्हणजे छेद जितका अधिक, तितका प्रसूतीतील धोका अधिक. आपल्याकडील प्रकाराचा विचार करताना हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण याचा अर्थ पहिला प्रकार निरुपद्रवी आहे, असा नव्हे.

मनावरील परिणाम

सात वर्षांच्या मुलीची कल्पना करावी. खाऊ देण्याच्या किंवा फिरावयास नेण्याच्या मिषाने तिला घराबाहेर नेले जाते. नेणारी तिची आई, आजी किंवा मावशी असते. हातपाय धरणारीही बहुधा जवळचीच असते. नंतर 'हे कोणास सांगू नकोस' असे बजावले जाते. येथे मुलीवर तीन आघात होतात: वेदनेचा, विश्वासभंगाचा आणि सक्तीच्या मौनाचा. मोठेपणी अकारण भीती, झोपेत दचकणे, वैद्यकीय तपासणीची धास्ती, औदासीन्य ही लक्षणे दिसू शकतात. ती भोगणाऱ्या स्त्रीलाही त्यांचे मूळ कित्येकदा ठाऊक नसते. सेनेगलची राजधानी डकार येथे झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात, छेदन झालेल्या २३ स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांत आघातोत्तर तणावाचा विकार आढळला. भारतातील ९४ व्यक्तींच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांना तो प्रसंग आठवत होता, त्यांपैकी ९७ टक्के स्त्रियांनी तो वेदनादायक असल्याचे सांगितले; सुमारे एकतृतीयांश स्त्रियांच्या मते त्यांच्या वैवाहिक सुखावर त्याचा विपरीत परिणाम झाला होता.

प्रत्येक स्त्रीस असा त्रास होतोच असे नाही. प्रथेचे समर्थन करणाऱ्या स्त्रियाही आहेत. तो शुद्धीचा विधी असून 'थोडासाच छेद' असतो, असे त्यांचे म्हणणे आहे. परंतु सात वर्षांच्या मुलीचा हा अवयव अतिशय लहान असतो. ती वेदनेने हालत असते. अशा वेळी पाते नेमके किती खोल जाईल, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. शिवाय संमती देण्याचे तिचे वयच नसते.

कायदा व उपाय

दिल्लीत सरोजिनी नगरसारख्या वसाहतींपासून काही मैलांवर असलेल्या सर्वोच्च न्यायालयात २०१७ साली या प्रथेविरुद्ध याचिका दाखल झाली. तत्कालीन भारतीय दंड संहिता व २०१२ चा बाल-लैंगिक-अपराध प्रतिबंधक कायदा यांखाली हे कृत्य दंडनीय आहे, असे केंद्र सरकारने सांगितले. मात्र प्रथेविषयी अधिकृत आकडेवारी उपलब्ध नसल्याचेही त्याच वर्षी नमूद केले. सप्टेंबर २०१८ मध्ये हे प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपविण्यात आले. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मोजणी झालेली नाही, याचा अर्थ इजा झालेली नाही असा होत नाही.

झालेल्या इजेवर उपचार आहेत. वेदना देणाऱ्या गाठी शस्त्रक्रियेने काढता येतात. जोडून अरुंद केलेला मार्ग मोकळा करता येतो. मनाच्या त्रासासाठी मानसोपचारही उपयोगी ठरतात. परंतु उपचाराची पहिली पायरी म्हणजे विचारणे. डॉक्टरांनी हलक्या शब्दांत विचारावे. स्त्रीने संकोच न करता सांगावे. आपण नक्कीच काही चुकीचे केले असेल, असे तिने मानू नये. दोष तिचा नाही. एखाद्या मुलीवर असा प्रसंग येण्याची भीती असेल, तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळविता येते.

ज्या आजीने नातीस नेले, तिलाही लहानपणी कोणीतरी असेच नेलेले असते. तिने दुष्टपणाने नव्हे, तर परंपरा म्हणून हे केले. म्हणून दूषणे देण्यापेक्षा कारण व परिणाम यांचा तुटलेला दुवा पुन्हा जोडून दाखविणे अधिक उपयोगी आहे. तो दुवा ज्या आईच्या ध्यानात येईल, ती आपल्या मुलीस नेणार नाही; आणि ही साखळी तेथेच तुटेल.